गुरुवारची खेप

"ऑनलाइन? आजाबात न्हाय!" मल्लिकार्जुन अण्णांनी टेबलावर हात आपटला. "मोबाइलसमोर बसून कुणीबी शहाण्यावाणी बोलतंय. इथं यायचं, मशीनमदी फुंकायचं, माणसाच्या डोळ्याला डोळा द्यायचा. तवा खरं-खोटं कळतंय."

टेबलापलीकडं मदिहा मॅडम बसल्या होत्या. धाराशिवच्या व्यसनमुक्ती केंद्रात त्या समुपदेशक होत्या. समोर अण्णांच्या मुलाचा, रणधीरचा फॉर्म. दारू सोडल्यावर पहिले सात आठवडे दर गुरुवारी केंद्रात येणं सक्तीचं होतं, ते आज संपत होतं. पुढचे तीन महिने घरून व्हिडिओ कॉलवर बोलायचं की इथंच यायचं, ते ठरवायचं होतं. फॉर्मवर बायकोची सही लागत होती, म्हणून अर्पिता वाशीहून, माहेराहून आली होती.

तिनं आल्या आल्याच सांगून टाकलं होतं. "मला पटलं तर सही करीन आणि अणदूरला नांदायला येईन. नाही पटलं तर इथूनच वाशीची गाडी धरीन. परत बोलवायला यायचं नाही."

रणधीर मान खाली घालून बसला होता. "मला ऑनलाइन पायजे," एवढंच तो तिसऱ्यांदा म्हणाला.

"पण का?" अर्पितानं विचारलं.

"येणं-जाणं झेपत न्हाय मला."

आता सांगा! बत्तीस वर्षांचा धडधाकट गडी, आणि म्हणे दीड तासाची एसटी झेपत नाही! अर्पिताचा चेहरा उतरला.

अण्णांना मात्र झेपत होतं. वय त्रेसष्ट. तीस वर्षं एसटीवर ड्रायव्हरकी करून रिटायर झालेले, पण सवयी अजून त्याच. खांद्यावर टॉवेल, तोंडात लवंग, पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली. इंजिनाशेजारच्या बाटलीला कंडक्टरनंसुद्धा हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम होता, आणि घरातही तोच चालायचा. बाहेर स्टँडशिवाय दुसरीकडचं पाणी त्यांना बाधायचं. म्हणून दर गुरुवारी रणधीरला केंद्रात सोडलं की ते पुन्हा स्टँडकडं जाऊन बाटली भरून आणत; आजही आणली होती. एक खेप चुकवली नव्हती. असा बाप मिळायला नशीब लागतं, असं अख्खं अणदूर म्हणत होतं, आणि ऐकून अण्णाही सुखावत होते.

"मशीन तर सातही वेळा शून्यच दाखवतंय," मदिहा मॅडम म्हणाल्या.

"मशीनचं सोडा वो! मला इचारा. येताना माझ्याजवळ बसतोय, आन् जाताना पार मागच्या शिटावर! बापाच्या शेजारी बसाया काय धाड भरली? आन् गेल्या गुरुवारी काय केलं, सांग की बायकोला!"

रणधीरनं खुर्ची जरा मागं सरकवली.

"मी सांगतो. तुळजापुरात गाडी थांबली, ह्यो उतरला. गेला तो गेलाच! दोन तासांनी मागच्या गाडीनं घरी आला."

अर्पिता रणधीरकडं वळली. "कुठं गेला होतात?"

"स्टँडवरच हुतो."

"खरंय ते," मदिहा मॅडम म्हणाल्या. "तिथून त्यांनी मला व्हिडिओ कॉल केला होता. चाळीस मिनिटं बोलत होते. प्यायले नव्हते, पण दारूची तलफ आली होती. गाडीतून का उतरलात, ते मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही."

"मग आता सांगा." अर्पिताचा आवाज चढला. "मॅडमना नका सांगू, मला सांगा."

रणधीरनं एकदा बापाकडं बघितलं. मग पुन्हा मान खाली घातली.

"नालीत पडलो हुतो तवा अण्णांनीच उचललं मला. हाताला धरून इथं आणलं. मला काय सांगायचं न्हाय. फकस्त ही गुरुवारची खेप बंद करा. तुमी म्हणाल तवा फोनवर बसतो. रोज बसतो."

"बघा! बघा!" अण्णा उठून उभे राहिले. "चोराच्या मनात चांदणं ते हेच! फोनवर वास येत न्हाय ना!"

अर्पिताचा बांध फुटला. "चार वर्षं हेच ऐकत आले मी! शपथा तेवढ्या घ्यायच्या, आणि कारण विचारलं की तोंड शिवून बसायचं. राग येतो हो मला, जीव जळतो. तुमच्यासाठी दर सोमवारी उपाशी राहते मी, अजून! आणि तुम्ही..." पुढं तिला बोलवेना. रडता रडता जोराचा ठसका लागला. डोळे पांढरे व्हायची वेळ आली.

टेबलावरचा जग रिकामा होता. मदिहा मॅडम पाण्यासाठी दाराकडं धावल्या. अर्पिताला तेवढा दम कुठला! शेजारच्या खुर्चीवर अण्णांची पिशवी होती. तिनं बाटली ओढून काढली आणि झाकण फिरवलं.

"अर्पिता, ती नको!" रणधीर ओरडला.

अण्णांनीही हात पुढं केला. दोघांनाही उशीर झाला होता. एक मोठा घोट तिच्या तोंडात गेला होता.

तिनं तो भसकन पदरात थुंकला. खोलीभर वास सुटला. चार वर्षं ज्या वासानं तिची झोप उडवली होती, तोच. अण्णांचा हात अजून तसाच पुढं होता.

अर्पितानं बाटलीला झाकण लावलं आणि ती टेबलाच्या मधोमध ठेवली. फॉर्म जवळ ओढला, 'ऑनलाइन' वर खूण केली आणि खाली सही केली. दारातून परत आलेल्या मदिहा मॅडम आपल्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी ड्रॉवरमधून एक कोरा केसपेपर काढला आणि पेनाचं टोपण उघडलं.

"काका," त्या म्हणाल्या, "बसा. तुमचं पूर्ण नाव सांगा."