नववा पेशंट

“त्या माणसाला आधी तू डोळ्यांनी बघून ये,” शिवराज म्हणाले. “जेवताना बघ. मग घेतो मी तुझे ते विजेचे शेक.”

त्रिवेणीनं राग गिळला. नवऱ्याचा आवाज बसला होता, दोन महिन्यांपासून भाकरी घशाखाली उतरत नव्हती. अन्ननलिकेचा हा कॅन्सर क्वचितच दिसतो आणि झपाट्यानं पसरतो, असं डॉक्टर सुजातांनी फाइल उघडून सांगितलं होतं. बारा वर्षांत असे नऊच पेशंट. आठ जण वर्षाच्या आत गेले. नववे बरकतपुऱ्याचे उमाजी इंगळे. रेडिएशनचे शेक घेऊन घरी गेले ते परत दाखवायला आले नाहीत, पण सहा वर्षं झाली, दर दिवाळीला दवाखान्याच्या जवाबी कार्डावर ‘तब्येत ठीक’ असं कळवतात. शिवराजांनी नाव दोनदा विचारून घेतलं आणि तिथंच ही अट घातली.

दिलसुखनगरहून दोन बस बदलून ती बरकतपुऱ्याला गेली. दाराआडून बाईचा आवाज आला, हे देवळात गेलेत. गुरुवारी गेली, तर हे बिदरला. तिसऱ्या खेपेआधी फोन करावा म्हणून गल्लीत नव्यानं निघालेल्या एसटीडी बूथवर ती रांगेत उभी राहिली. फाइलमधला नंबर फिरवून बूथवाला म्हणाला, “ये तो कब का बंद हो गया, अम्मा.”

घरी दुधाचा एक घोट उतरायला पाच मिनिटं लागत. तेवढ्यातही शिवराज खरखरत विचारायचे, “भेटला का तुझा पैलवान?” तिला पेला आपटावासा वाटे. डॉक्टरही वैतागल्या. सोमवारी आला नाहीत तर पुढं माझ्या हातात काही नाही, म्हणाल्या.

रविवारी ती इंगळ्यांच्या उंबऱ्यावरच बसली. दाराकडं तोंड करून म्हणाली, “आमच्या ह्यांचा जीव तुमच्या ह्यांच्यावर अडकलाय, ताई. ते आल्याबिगर मी उठत नाही.”

बऱ्याच वेळानं दार उघडलं. उमाजींच्या बायकोचं, कुसुमताईंचं, कपाळ मोकळं होतं.

“चार महिन्यांतच गेले हो,” त्या म्हणाल्या. “आम्ही विचारलं तेव्हा डॉक्टरीणबाईंकडं सांगायला एकही जिवंत नाव नव्हतं. पुढच्याला एक तरी असावं, म्हणून कार्ड मीच लिहिते.”

त्रिवेणी पाणीही न पिता निघाली.

संध्याकाळी तिनं देवापुढं दिवा लावला आणि हात जोडून नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. मग पलंगापाशी येऊन म्हणाली, “भेटले. माझ्यासमोर दीड भाकरी खाल्ली. वर ठेचा.”

शिवराजांनी पांघरूण बाजूला सारलं.

“बरं,” ते म्हणाले. “उद्या किती वाजता निघायचं?”

सहा वर्षांपूर्वी, त्रिवेणी बाळंतपणाला माहेरी गेली असताना, उमाजींच्या आबिड्सच्या ऑफिसातल्या ज्या चौघा सहकाऱ्यांनी त्यांना खांदा दिला, त्यांत एक शिवराज होते.