टेकायची जागा

"बघ, परत आलाय," दमयंतीकाकू म्हणाल्या.

बैठकीच्या भिंतीतला तो खळगा घरसजावटीचं काम करणाऱ्या शाल्मलीने दोनदा भरून वर फिकट जांभळा रंग दिला होता. काका गेल्यावर काकूंना घराचं सगळं रूपच बदलून हवं होतं. पडदे बदलले, दिवाण हलला, पण या भिंती झाडासारख्या रुजवून वाढवलेल्या, जिवंत होत्या. रोज टेकणाऱ्याची पाठ त्या ओळखायच्या आणि हळूहळू तिचा आकार घ्यायच्या.

शाल्मलीने खळग्यावर तळवा ठेवला. भिंत कोमट होती, संथ श्वास घेत होती. खळगा मात्र या वेळी अरुंद होता आणि बराच खाली.

"काकू, हा काकांचा नाही. तुम्ही बसता का इथे?"

"चहापुरती," काकू संकोचल्या. "मग त्यांचा कुठे गेला?"

"तो मी पहिल्याच वेळी बुजवला. तुम्हीच सांगितलं होतंत ना."

चहाचा कप घेऊन काकू भिंतीशी बसल्या, तशी भिंतीने त्यांना अलगद आत घेतलं. थोड्या वेळाने त्या उठल्या, उजवीकडे सरकल्या, आणि काकांची ती जागा मोकळी सोडून शेजारच्या कोऱ्या भिंतीला टेकल्या.