वळ नसलेलं गाव

आनंदाबाईने कुऱ्हाड हाणली आणि दारूसाठी आंबवलेल्या मोहाच्या सडव्याचा ड्रम उभा फाटला. भट्टीवाला प्रेमदास दांडा घेऊन धावून आला. दांडा तिच्या कपाळावर बसला, रक्त डोळ्यांत उतरलं, पण बाई मागे हटेल तर शपथ.

"मार अजून!" ती ओरडली. "यापेक्षा जास्त मार मी घरी खाल्ला हाये!"

मग नदीच्या दोन्ही काठांच्या बाया प्रेमदासवर तुटून पडल्या. पोलिसांनी त्याला सोडवलं तेव्हा त्याच्या अंगावर सदरा उरला नव्हता.

नदीच्या अलीकडे वर्धा जिल्हा, कागदावर कोरडा. पलीकडे यवतमाळ, तिथे दारूची दुकानंच उघडी. म्हणून दोन्ही जिल्ह्यांनी मिळून सरकारी पैशाने दारूबंदीची योजना काढली होती. होडी आली, जीप आली, दोन्हीकडचे पोलीस आले आणि त्यांच्या पुढे दोन्हीकडच्या बाया. आनंदाबाई या योजनेची वाघीण. नवरा रूपराव पिऊन तिला जन्मभर बडवत आला, पण तो मेल्यावरही तिने त्याला कधी नावं ठेवली नाहीत. माणूस वाईट नव्हता, दारू मारत होती, असं ती सगळ्यांना सांगे. पोरगा रजत बापाच्या वाटेने निघाला तेव्हा तिने त्याला देवळीच्या भर बाजारात चपलेने हाणलं होतं. तेव्हापासून त्याने दारूला हात लावला नव्हता.

त्याच दुपारी ग्रामपंचायतीत दोन्ही जिल्ह्यांचे साहेब बसले. योजना चांगली चालली हे ठरवायचं कशावरून? एक म्हणाला, फोडलेल्या भट्ट्या मोजू. दुसरा म्हणाला, केसेस मोजू. डोक्याला पट्टी बांधलेली आनंदाबाई उभी राहिली.

"भट्ट्या काय मोजता? आज फोडली का उद्या दुसरी लागते. ज्या गावात एकाही बाईच्या अंगावर वळ नाई, ते गाव पास."

टाळ्या पडल्या. तीच कसोटी ठरली.

"मग आजच तुमच्या गावापासून सुरू करू," पलीकडचे साहेब म्हणाले. "पण बाई, तुमचंच गाव नापास झालं तर पुढच्या वर्षी योजनेला पैसा मिळणार नाही."

आनंदाबाई हसली. "पहिली माही सूनच सांगन," म्हणाली आणि मोहिनीला आणायला घरी गेली.

दारातच तिला आवाज आला. रजतने बायकोचे केस धरून तिचं तोंड भिंतीवर आपटलं होतं. भाकर करपली होती, एवढंच कारण. आनंदाबाईने त्याची गचांडी धरली.

"पेला का बे?"

"नाई पेलो! हुंगून पाह्य!"

तिने हुंगलं. खर्ऱ्याचा, तंबाखू-सुपारीचा वास होता, बाकी काही नाही. डोळे स्वच्छ, पाय घट्ट. तिने पुन्हा हुंगलं. दारूचा वास यावा म्हणून ती आयुष्यात पहिल्यांदा देवाला विनवत होती. वास काही आला नाही. मग तिला रूपरावच्या सकाळी आठवल्या. चहा गार झाला म्हणून उगारलेला हात आठवला, आणि रातची उतरली नसेल अशी स्वतःचीच घातलेली समजूतही. दुसऱ्याच क्षणी तिने रजतच्या अशी थोबाडीत दिली की तो चुलीपाशी जाऊन कोसळला.

मोहिनीने रक्ताळलेला ओठ पदराने झाकला. "आई, मी पायरीवरून पडली म्हणून सांगते. योजना बंद झाली तं बाकीच्या बायाइनं काय करायचं?"

आनंदाबाईने सुनेचा हात धरला आणि ग्रामपंचायत गाठली. साहेब पेन उघडून वाट पाहत होते.

"बोला आनंदाबाई. घरात दारू बंद?"

"बंद हाये. थेंब नाई." तिने भर सभेत मोहिनीच्या तोंडावरचा पदर बाजूला केला. "हे माह्या पोरानं शुद्धीत केलं, साहेब. त्याचा बापबी शुद्धीतच मारे, अन् मी जलमभर दारूले शिव्या देत राह्यली. लिहा, गाव नापास."