पांढरं तूस

दानेश्वरीने डावा बूट मांडीवर घेतला आणि मऊ ब्रशने त्याची लव एका दिशेला बसवायला लागली. स्वेडचे बूट. नवरा पॅकिंगचा सुपरवायझर झाला, तेव्हा हिनेच हट्टाने घ्यायला लावलेले. शेजारणी हसल्या होत्या. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात, असले मखमली बूट? हसेनात का! या चामड्याला पाणी चालत नाही, पॉलिश चालत नाही. नुसता ब्रश, आणि डाग पडलाच तर खोडरबर. तान्ह्या पोरासारखे लाड करावे लागतात.

खरी गंमत निराळीच होती. मागांवरचं तूस त्या लवेत अडकून रोज घरी यायचं, आणि त्याच्या रंगावरून हिला कळायचं, आज कुठला माल विणला. गुलाबी आलं, की कुठलीतरी नवी नवरी त्या टॉवेलने केस पुसत हिच्या डोळ्यांपुढे उभी राही. निळं आलं, की समुद्र. समुद्र हिने कधी पाहिला नव्हता, पण दिसायचा खरा. ब्रश फिरत राही, उंबऱ्यावरचं ऊन उतरत राही आणि आत भाजी करपायची.

गेले काही दिवस मात्र सगळं पांढरंच येत होतं.

"आजबी पांढराच माल व्हय?" तिने उंबऱ्यावरूनच विचारलं.

"व्हय. दवाखान्याची ऑर्डर हाय. लई मोठी," नंदीश मोरीतून म्हणाला.

तिने एक पुंजका चिमटीत धरला. मागावरचं तूस बारीक असतं, चिकटून बसतं, ब्रशला सहज दाद देत नाही. हा पुंजका लांब, मऊ होता, आणि बोटाने दाबून बसवलेला. ती उठली. आत जाऊन तिने नवऱ्याची उशी उचलली. कोपऱ्याची शिवण उसवलेली, आणि उशीचा पार पापड झालेला.

अय्यो शिवा! म्हणजे काम सुटलं होतं. तरी हा माणूस रोज डबा घेऊन निघत होता, कुठंतरी दिवस काढत होता आणि घरी येताना बुटांना कापूस लावत होता. आधी तिला संताप आला. मी काय परकी होते? मग तिला तो दिसला. कुठल्याशा झाडाखाली वाकून, हिची संध्याकाळ मोडू नये म्हणून, एकेक पुंजका लवेत बसवणारा. तिचा राग विरघळला आणि डोळे भरून आले.

बोलावं, तर तो शरमेने मान वर करणार नाही. गप्प बसावं, तर उद्या पुन्हा एकटाच निघेल. तिने पदराने डोळे टिपले आणि परत उंबऱ्यावर येऊन बसली.

नंदीश तोंड पुसत बाहेर आला. त्याने आधी बुटांकडे पाहिलं, मग चोरून तिच्याकडे.

"उद्या डबा दोघांचा करते," ती म्हणाली. "तुमी दिवसभर बसता तितं मलाबी न्या की."