पाचव्या विसाव्याची उंची

"किती झाली जी उंची?" पाचव्या विसाव्यावर डोक्यावरची वांग्यांची टोपली उतरवत पार्बताबाईनं सोबतच्या मास्तरांना विचारलं.

विसावा म्हणजे कमरेएवढा दगड. त्यावर टोपली ठेवायची, दम खायचा, गुडघ्याला बांधलेलं फडकं आवळायचं आणि पुढं चालायचं. पायथ्यापासून डोंगरावरच्या डाकबंगल्यापर्यंत असे सात दगड होते. पार्बताबाई दर मंगळवारी भाजी घेऊन सातही करायची. अठरा वर्षांत तिनं त्या वाटेबद्दल कुणाला काही विचारलं नव्हतं.

चिंतामण मास्तरांना मात्र सगळंच विचारायचं होतं. ते अमरावतीच्या एका शाळेत भूगोल शिकवत. सत्तावन्न सालच्या दिवाळीत मुलांना अमरावतीहून डाकबंगल्यापर्यंत पायी न्यायचं होतं, म्हणून ते वाटेची पुस्तिका लिहीत होते. मैल लिहून झाले होते, विहिरी झाल्या होत्या, चावरी कुत्रीसुद्धा गाववार झाली होती. उंची तेवढी राहिली होती. कचेरीत विचारलं, तर जंगलखात्याकडं जा म्हणाले. जंगलखातं म्हणालं, डोंगर आमच्या आधीपासून आहे. शेवटी हेडमास्तर खुशालरावांनी शाळेच्या कपाटातलं उंची मोजायचं पितळी यंत्र काढून दिलं. त्यांची अट होती: पेटी एकदाच उघडायची, तीही वर पोचल्यावर. आणि उंचीशिवाय पुस्तिका नाही, पुस्तिकेशिवाय सहल नाही.

पण भूगोलाच्या मास्तरला आपणहून कोणी काही विचारत नाही. मास्तरांनी तिथंच पेटी उघडली.

"दोन हजार आठशे फूट."

"फूट म्हंजे?"

मास्तरांनी पायातली वहाण काढून उभी धरली. "अशा दोन हजार आठशे. एकीवर एक."

पार्बताबाईनं वहाणेकडं पाहिलं. मग खाली दरीत पाहिलं. मग ती बसली.

"अठरा वर्सं मी हे चढून राह्यली, आन मले कोनी सांगतलंच नाही?"

"आता दोनच विसावे राहिलेत, बाई."

"तुमी जा. मी नाही येत."

पुढची वाट मास्तरांना माहीत नव्हती. तेही बसले.

दुपारी बंगल्याचा खानसामा डोमाजी वरून तणतणत उतरला. "पार्बताबाई, भाजी कावून नाही आली? सायेब उपाशी हाये तिकडं!"

"उंची इचार मास्तरले."

मास्तरांनी सांगितली. वहाणही दाखवली. डोमाजीनं वर मान करून पाहिलं.

"म्हंजे मले याच्याहूनबी वर जा लागन?" तो पार्बताबाईशेजारी बसला.

चार वाजता साहेब स्वतः उतरले आणि वांगी घेऊन गेले. त्यांना उंची कोणी सांगितली नाही. कोणीतरी वर जायला हवंच होतं.

घरी आल्यावर मास्तरांनी यंत्र पुसायला काढलं. काटा दोन हजार आठशेवर होता. त्यांनी ते टेबलावर ठेवलं. दोन हजार आठशे. जमिनीवर ठेवलं. दोन हजार आठशे. शेवटी बादलीत घालून विहिरीत सोडलं, वर काढलं. विहीरही दोन हजार आठशे.

"तरीच पाणी इतकं गार," त्यांची बायको सिंधू म्हणाली.

मास्तर हसले नाहीत. मेलेल्या काट्यापायी एका बाईचा मंगळवार बुडाला होता. पुस्तिका गेली तर गेली, सहल गेली तर गेली, पण तिला खरं सांगायचं असं त्यांनी ठरवलं आणि पुढच्या मंगळवारी ते पुन्हा डोंगर चढले.

पाचव्या विसाव्यावर बाजार भरला होता. वरच्या वस्त्यांवरची माणसं भाजीसाठी खाली उतरली होती. एक कांदेवाला आला होता, एक बांगड्यावाली आली होती. डोमाजी तीन दगडांवर चहा उकळत होता. पार्बताबाई विसाव्याला टेकून पाय पसरून बसली होती. गुडघ्याचं फडकं तिनं सोडून वांग्यांवर झाकलं होतं.

मास्तरांच्या हातातली पेटी दिसताच तिचा चेहरा उतरला.

"कावून आले जी मास्तर? उंची कमी त नाही झाली?"

डोमाजीनं चहा ओतायचा थांबवला.

मास्तरांनी पेटी उघडली. काट्याकडं बराच वेळ पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "दोनशेनं वाढली."