भलत्या गालावरचा तीळ

"बघ, बघ! या आपल्या वहिनीच की!"

बार्नाबेनं फॅशनचं मासिक काउंटरवर आपटलं. रंगीत पानावर एक बाई. डोक्याला पिसाचा फेटा. अंगात झगा, वर सैल, पण घोट्याशी इतका आवळलेला की पाऊल टाकणं मुश्कील. गालावर तीळ.

आन्सेल्मचा वाइनचा पेला हातातच राहिला.

मान तीच. हनुवटी तीच.

"तू हातमोजे बेतायला गेलास, की वहिनी बसत असतील चित्रकारापुढे," बार्नाबे खिदळला. "अंगावर कपडे आहेत, एवढं तरी नशीब समज!"

"तोंड सांभाळ. माझ्या घरातली बाई कमवायला जात नाही."

पण तो उठला. मासिक घेऊनच उठला.

मासिकाचं ऑफिस.

"चित्रकार लाव्हाल? साहेब, त्यांना आम्हीही कधी पाहिलेलं नाही. चित्रं टपालानं येतात." कारकून गालातल्या गालात हसला. "तुमच्यासारखे नवरे येतात अधूनमधून. प्रत्येकाला आपलीच बायको दिसते."

सेन नदीवरचा पूल. वारा. तीच निघाली, तर आजच तिला रूआँला, तिच्या आईकडे धाडायचं. कायमचं.

जिना. चौथा मजला.

सिदोनी सूपसाठी कांदे चिरत होती.

"आज लवकर आलात?"

"इकडे तोंड कर."

त्यानं मासिक तिच्या चेहऱ्याशेजारी धरलं. सुरी थांबली.

चित्र. बायको. चित्र. बायको.

चित्रातल्या बाईचा तीळ डाव्या गालावर.

सिदोनीचा उजव्या.

आन्सेल्म मटकन खुर्चीत बसला. मग हसत सुटला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अहो, झालंय काय तुम्हाला?"

"काही नाही गं! बार्नाबेला डोळेच नाहीत. म्हणे ही तू! अगं, तीळ भलत्याच गालावर!" त्यानं तिच्या उजव्या गालाचा मुका घेतला. "थांब, त्या गाढवाकडून एक बाटली उकळून येतो."

तीही हसली. जरा जास्तच मोठ्यानं.

जिन्यावरची पावलं विरली. सिदोनीनं दाराला कडी घातली, हात धुतले, टेबलावर कोरा कागद पसरला, आरसा समोर ओढला आणि कुंचला रंगात बुडवला.