मबरूकाचा निरोप

मबरूकाने भिंतीवरचा फोटो काढला, ओढणीच्या टोकाने पुसला आणि समोर बसलेल्या बाईच्या हातात दिला. आज इटालियन मंडळी होती. इटालियन आले की तिचा जीव जास्तच टांगणीला लागायचा.

"हा माझा नाजी," ती म्हणाली. "चार वर्षांपूर्वी बोटीने तुमच्या देशात निघून गेला. डाव्या भुवईवर व्रण आहे. कुठे दिसला तर त्याला सांगा, आई वाट बघतेय. रागावलेली नाहीये."

मग लुत्फी त्यांच्या भाषेत बोलला. लुत्फी तिच्या बहिणीचा मुलगा. वाळवंटाच्या तोंडाशी असलेल्या दूझ शहरातून तो रोज सकाळी गाडी भरून पाहुणे आणायचा. जमिनीत खोल खणलेलं तिचं घर ते फिरून बघायचे, अंगणात बसून भाकरी, मध आणि ऑलिव्हचं तेल खायचे, चहा प्यायचे आणि मग उंटावर बसायला वाळूच्या टेकड्यांकडे निघायचे. लुत्फीने पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिने साफ नकार दिला होता. परक्या माणसांनी माझी अंथरुणं कशाला बघायची? मग नाजी गेला. जगभरची माणसं आपल्या पायांनी घरी येणार असतील, तर त्यातल्या एकाला तरी तो कुठेतरी दिसेल, असं तिच्या मनाने घेतलं, आणि तिने दार उघडलं.

लुत्फी बोलायला लागला की बायकांचे डोळे भरून यायचे. कुणी तिचा हात घट्ट दाबायचं, कुणी गालाला गाल लावायचं. त्या दाबलेल्या हातांवर ती चार वर्षं जगत होती.

चहा संपला. सगळे लुत्फीबरोबर वर गेले, वरून अंगणाचे फोटो काढायला. एकच बाई मागे राहिली. चाळिशीची, आखूड केसांची. सकाळपासून तिने तोंड उघडलं नव्हतं. नाजीचा फोटो अजून तिच्याच हातात होता.

"मावशी," ती चक्क अरबीत म्हणाली, "माझी आई तुमच्याच देशातली, स्फॅक्स शहराची. तुम्ही बोललात ते सगळं मला कळलं."

मबरूकाने तिचे दोन्ही हात धरले. "मग तूच शोधशील बघ त्याला. तुला नीट सांगते, त्याची उंची..."

"मावशी, लुत्फीने आम्हाला हे सांगितलंच नाही."

"मग काय सांगितलं?"

बाई घुटमळली. "म्हणाला, हिचा मुलगा समुद्रात बुडाला. हिला ते ठाऊक नाही. ती काहीही बोलली तरी नुसती मान डोलवा, हात हातात घ्या. गाडीतच सांगून ठेवलं होतं त्याने."

मबरूका हसली. "नाटकी आहे मेला, लहानपणापासून. माणसं रडली की बक्षिशी जास्त मिळते." पण तिने लुत्फीला हाक मारली ती अशी, की तो पायऱ्या उतरून धावतच आला.

"जिवंत भावाला मारून गाडी भरतोस का रे?"

लुत्फीने त्या बाईकडे पाहिलं. बाईने फोटो हळूच चटईवर ठेवला आणि ती निघून गेली. एरवी त्याच्या जिभेवर काहीतरी विनोद तयार असायचा. मबरूका त्याची वाट बघत राहिली. लुत्फी पायरीवर बसला.

"मावशी, ते खोटं नाही."

अंगणात वरून पाहुण्यांचं हसणं ऐकू येत होतं.

"कधी कळलं तुला?"

"तो गेल्यावर नवव्या दिवशी. त्याच्या बोटीतला एकजण वाचला, त्याने फोन केला."

"आणि मला?"

"तू अन्नपाणी सोडलं होतंस. आई म्हणाली, हिला जरा सावरू दे. मग पाहुणे यायला लागले. तू बोलायला लागलीस, उठून भाकऱ्या थापायला लागलीस. मग कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

"आणि माझं घर तुझ्या धंद्याला बरं पडलं."

"हो," तो म्हणाला. "तेही खरं."

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना. अख्ख्या गावाला."

दर ईदला तिला मिठी मारून 'पुढच्या ईदला येईल हो तुझा लेक' म्हणणाऱ्या बायका एकेक करून तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. जगातल्या कुठल्या कुठल्या देशांतली माणसं या अंगणात बसून गेली होती. त्यांनाही माहीत होतं.

"त्याच्यासाठी नमाज तरी पढलात?"

"पढलो."

"आणि चाळिसाव्या दिवसाचं जेवण?"

लुत्फीने मान वर केली नाही. "आईने घातलं. मेंढरू कापलं, कुसकुस केला, सगळ्या गावाला बोलावलं. तुला सांगितलं होतं, मी नवी गाडी घेतली म्हणून जेवण आहे."

मबरूकाला तो दिवस आठवला. नाजी गेल्यापासून पहिल्यांदाच त्या दिवशी ती पोटभर जेवली होती. दोनदा वाढून घेतलं होतं. निघताना उंबऱ्यात उभं राहून तिने बहिणीला तोंडभर आशीर्वाद दिला होता, तुझ्या घरी अशाच पंगती उठत राहोत. आणि त्या भरल्या घरात कुणीही आमीन म्हटलं नव्हतं.